नोबेल मिळालेल्या बाईंची सायटेशन्स इतकी कमी कशी? (मलेरिया, तू योयो)

ग्रंथपालीणबाई

नमस्कार मंडळी. धागा जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजात ग्रंथपाल आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला यंदा 'हिवताप आणि विज्ञान' असा विषय ठरलाय. आमच्याकडे हा काही पुस्तकातला आजार नाही. पावसाळ्यात वर्गातली चार-दोन बाकं त्याच्यापायी रिकामी असतातच. तर सहा संशोधकांचे सहा फलक करायचे आहेत आणि प्राचार्यांची सूचना अशी की प्रत्येक फोटोखाली जन्म, देश, एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स (इतरांनी आपल्या लेखांत दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स आलाच पाहिजे. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली करून करून सरांना आता माणूस दिसण्याआधी त्याचा एच-इंडेक्स दिसतो. (सर इथे वावरत नाहीत, म्हणून लिहिते आहे.)

पहिलाच फलक तू योयो यांचा घेतला. २०१५ चं नोबेल, आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाचा शोध. म्हटलं, यांचा आकडा डोळे दिपवणारा असणार. आणि बघते तर काय, दोन डेटाबेसांत दोन वेगळेच आकडे, आणि दोन्ही इतके किरकोळ की आमच्या विद्यापीठातले दोन-तीन प्राध्यापक त्यांना सहज मागे टाकतील. त्यात आडनाव 'तू' आणि नावाचं आद्याक्षर 'वाय'. त्या आद्याक्षराच्या किती 'तू' जगात आहेत कोण जाणे! एका यादीत तर रस्त्याच्या डांबराच्या मजबुतीवरचा लेख बाईंच्या नावावर जमा होता. तो मी वगळला. आता भीती वाटते की डांबराबरोबर काही खरंही वगळलं गेलं असेल.

माझं कुठे चुकतंय? आणि फलकावर लिहू तरी काय?

गप्पी_मासा

गूगल स्कॉलरवरून घ्या. तिथे नेहमी जास्त दिसतं. सर खूश, तुम्ही मोकळ्या.

मेणबत्तीची_बरणी

बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. आकडा किरकोळ दिसतोय, कारण तो तसाच आहे. जरा लांबण लावते, कारण माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी स्वतःचं सांगते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या कल्चरवर (म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवण्यावर) मी ८ वर्षं काढली, मग प्रयोगशाळा सोडली, आता एका औषध कंपनीत कागद तपासते. एकूण लेख ७, एच-इंडेक्स ४. म्हणजे त्या सातांपैकी चार लेखांचा प्रत्येकी निदान चार वेळा कोणीतरी संदर्भ दिलाय. (त्यातले दोन संदर्भ माझे मीच दिलेत, पण ते असो.) ही मोजपट्टी होर्खे हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढली. तेव्हा तू योयो ७४ वर्षांच्या होत्या आणि त्यांचं मुख्य काम होऊन तीस वर्षांवर काळ लोटला होता.

आता ते काम कसं झालं ते पाहा, म्हणजे आकडा का नाही ते आपोआप कळेल. २३ मे १९६७ ला चीनमध्ये एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याला नाव पडलं, प्रकल्प ५२३. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक गोळीपेक्षा मलेरियाने जास्त हैराण झाले होते आणि क्लोरोक्विन हे तेव्हाचं औषध लागू पडेनासं झालं होतं. १९६९ मध्ये तू योयो या कामात आल्या. त्यांच्याकडे पीएच.डी. नाही, परदेशातलं शिक्षण नाही, पुढे चीनच्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्वही नाही. चीनमध्ये याला 'तीन नाही' म्हणतात. जुन्या वैद्यकातले दोन हजारांवर पाठ त्यांच्या गटाने चाळले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून जास्त अर्क उंदरांवर लावून पाहिले. चिंगहाव नावाच्या झुडपाचा अर्क एकदा गुण द्यायचा, पुढच्या खेपेला नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथातली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवावा, पिळावा, रस प्यावा. उकळावा असं त्यात कुठेच नाही! सगळे काढा करत होते आणि काढ्याच्या उष्णतेने औषध मरत होतं. बाईंनी ईथर वापरलं, ते ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. ४ ऑक्टोबर १९७१ ला नमुना क्रमांक १९१ ने उंदरांच्या रक्तातले परजीवी शंभर टक्के साफ केले. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मग हैनान बेटावर २१ रुग्णांना दिला.

माझ्या जुन्या प्रयोगशाळेत एवढं हाती लागलं असतं तर आठवड्यात लेखाचा मसुदा गेला असता आणि पहिलं नाव कोणाचं यावरून महिनाभर अबोला झाला असता. इथे १९७७ पर्यंत काहीही छापून आलं नाही. १९७७ मध्ये रेणूच्या रचनेवरचा छोटा लेख आला, चिनी भाषेत. लेखकाच्या जागी माणसाचं नावच नाही, 'चिंगहावसूच्या रचनेवरील संशोधनाचा समन्वय गट' एवढंच. (चिंगहावसू म्हणजेच आर्टेमिसिनिन.) १९७९ मध्ये इंग्रजीत लेख आला, २०९९ रुग्णांची हकीगत सांगणारा. तिथेही लेखक गटच. त्या काळात चीनमध्ये स्वतःचं नाव पुढे करणं म्हणजे वैचारिक गुन्हाच.

आता डेटाबेस बिचारा काय करणार? गटाला आडनाव नसतं, आद्याक्षर नसतं, प्रोफाइल नसतं. तो सगळा हिशेब कोणाच्याच खात्यावर चढत नाही. २००७ मध्ये शांघायच्या एका बैठकीत लुई मिलर आणि शिनझुआन सू या अमेरिकेतल्या दोन मलेरिया संशोधकांनी विचारलं की आर्टेमिसिनिन शोधलं कोणी, तर खोलीत कोणालाच सांगता येईना. मग त्यांनीच जुनी कागदपत्रं धुंडाळून २०११ मध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी बाईंना वैद्यकातला लास्कर पुरस्कार मिळाला आणि नेचर मेडिसिनमध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा लेख आला. तुमच्या यादीत सर्वांत वर बहुधा हाच लेख दिसत असेल. म्हणजे लोक ज्याचा संदर्भ देतात ती शोधानंतर ४० वर्षांनी लिहिलेली आठवण आहे.

एक सांगून ठेवते, श्रेयावरून चीनमध्ये कुरबुर आहेच. युन्नानमध्ये लुओ झेयुआन यांनी तोच पदार्थ वेगळा काढला होता, ली ग्वोच्याओ यांनी रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या केल्या. त्यामुळे फलकावर 'एकट्या बाईंनी' असं काही लिहू नका.

मग भरपूर सायटेशन्स कोणाला मिळतात? ज्याची रोज गरज पडते त्याला. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. १९७६ पर्यंत फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सलग वाढवताच येत नव्हता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी ते जमवलं. सायन्समध्ये तीन पानांचा लेख. युक्ती काय, तर परजीवीला आपल्या हवेइतका ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून कल्चरच्या बशा काचेच्या बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. मेणबत्ती विझली की हवा परजीवीच्या जोगती झाली. मी हे हाताने केलंय, झाकणाला ग्रीस लावून. आमच्याकडे गॅसचं मिश्रण यायला उशीर झाला की वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा चालायच्या. यानंतर जगात ज्याने म्हणून फाल्सिपेरम वाढवला, त्याने 'पद्धती' या भागात ट्रेगर-जेन्सन लिहिलं. तसाच १९७९ चा लँब्रोस आणि व्हँडरबर्ग यांचा लेख. ५ टक्के सॉर्बिटॉल टाकलं की मोठ्या झालेल्या परजीवींच्या पेशी फुटतात आणि नुसत्या कोवळ्या अंगठ्या (अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी) उरतात. एवढंच. पण दर मंगळवारी लागतं.

आणि रोनाल्ड रॉस? तुमच्या सहांत असतीलच. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववून घेतले, दर डासामागे एक आणा. डिसेंबरच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख आहे दोन डासांवरचा. दोन! आजचा परीक्षक नमुना-संख्या बघूनच परत पाठवेल. पण मला सांगा, आज 'मलेरिया डासांमुळे होतो' असं लिहिताना कोण रॉसचा संदर्भ देतो? मी सात लेखांत एकदाही दिला नाही. गोष्ट इतकी मुरली की संदर्भ गळून गेला.

निवृत्त_काचपट्टी

मेणबत्तीताई, छान लिहिलंत. मी संशोधक नाही. हिवताप विभागात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो, ३१ वर्षं. प्राथमिक आरोग्य केंद्राचं टेबल, खिडकीशी सूक्ष्मदर्शक आणि रक्तनमुन्यांचे गठ्ठे. एका काचपट्टीचे जाड थेंबाचे १०० फील्ड बघायचे, मग 'नाही' म्हणायचं. पावसाळ्यात मान मोडायची.

तर सायटेशनवरून मला एक आठवलं. आम्ही सगळी उमर जेएसबी स्टेन वापरला, काचपट्टीवरचं रक्त रंगवायला. दोन बाटल्या. नवीन पोरगं आलं की हमखास एक नंबरात आधी बुडवायचं. आम्ही ओरडायचो, आधी दोन नंबर, मग धुवा, मग एक नंबर! लाल एओसिन आधी, निळा नंतर. मला कित्येक वर्षं वाटायचं जेएसबी हे कंपनीचं नाव. निवृत्त व्हायच्या सुमारास एका प्रशिक्षणात कळलं की जे. एस. म्हणजे जसवंत सिंग आणि बी म्हणजे भट्टाचार्जी. १९४४ साली इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये त्यांनी ही पद्धत छापली. पाण्यात विरघळणारा, स्वस्त, झटपट होणारा रंग. जसवंत सिंग पुढे मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे संचालक झाले.

देशात १९५३ ला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. त्यात ज्या कोट्यवधी काचपट्ट्या तपासल्या गेल्या, त्या मुख्यतः याच रंगात बुडवून. आता मी माझ्या रजिस्टरात 'संदर्भ: सिंग व भट्टाचार्जी, १९४४' असं कधी लिहिलं का? रकानाच नव्हता. नाव, वय, गाव, तारीख, पॉझिटिव्ह/निगेटिव्ह, प्रजाती, संपलं. एकेका काचपट्टीला एक सायटेशन धरलं असतं तर ते दोघे कुठल्या कुठे गेले असते.

बाई, सहा फलकांत या दोघांना बसवता येतं का बघा.

तिरकस_तात्या

वा, सगळ्यांनी मिळून सायटेशनची तिरडी बांधलीत. जरा थांबा.

मी एका विद्यापीठाच्या निवड समित्यांवर बसलोय. आकडे नकोत म्हणणाऱ्यांना विचारतो, त्यांच्या जागी काय ठेवणार? 'उमेदवार अत्यंत होतकरू आहे' असं मामांनी लिहिलेलं पत्र? आकडा बावळट असेल, पण तो कोणाचा भाचा नसतो. तालुक्याच्या गावातून आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या पोरीला स्वतःच्या बाजूने दाखवायला तेवढा कागद तरी असतो.

दुसरं, आकडा नेहमीच खोटं बोलतो असं नाही. मलेरियातलंच उदाहरण घ्या. २००९ मध्ये डॉन्डॉर्प आणि मंडळींनी दाखवलं की पश्चिम कंबोडियातल्या पायलिनमध्ये आर्टेसुनेट (आर्टेमिसिनिनपासून केलेलं औषध) दिल्यावर रक्त साफ व्हायला ८४ तास लागतात आणि थायलंडमधल्या वांग फामध्ये ४८. म्हणजे मेणबत्तीताईंच्या चिंगहावला प्रतिकार सुरू झाला. २०१४ मध्ये आरिए आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा परजीवीच्या के-१३ जनुकातला बदल पकडला. या दोन्ही लेखांवर धडाधड सायटेशन्स पडली, आणि ती काही पोकळ नव्हेत. आफ्रिकेपासून ईशान्य भारतापर्यंत लोक खरोखर रुग्णांच्या रक्तात तो बदल शोधू लागले. इथे सायटेशन म्हणजे वापरच.

इम्पॅक्ट फॅक्टरला मात्र माझ्याकडून वाटेल तेवढ्या शिव्या घाला. आधीच्या दोन वर्षांत नियतकालिकात आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, हा हिशेब मासिकाचा. तो माणसाच्या गळ्यात बांधणं म्हणजे गाव श्रीमंत म्हणून प्रत्येकाकडून आयकर घेणं.

मेणबत्तीची_बरणी

तात्या, मामाच्या पत्राचा मुद्दा मान्य. मी स्वतः त्याच कागदाच्या जोरावर नोकरीला लागले. आणि के-१३ चंही शंभर टक्के मान्य.

फक्त एक जोड. त्याच डॉन्डॉर्प, निक व्हाइट वगैरे मंडळींचा २००५ चा लॅन्सेटमधला लेख बघा. गंभीर मलेरियात क्विनिन की शिरेतून आर्टेसुनेट, अशी थेट तुलना. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार इथले १४६१ रुग्ण. क्विनिनवर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५ टक्के. दीडशे वर्षांहून जुन्या औषधाची गादी एका लेखाने गेली. लेखकांत पाच नावं आणि पुढे एक लांबलचक गट. भारतातले रुग्ण ओडिशात राउरकेलाच्या रुग्णालयातले होते. कोमातल्या माणसाच्या उशाशी मध्यरात्री बसून दर काही तासांनी रक्त काढणारे डॉक्टर त्या 'गट' या शब्दात आहेत. व्हाइट यांच्या नावावर हजारांहून जास्त लेख आहेत आणि ते त्यांनी कमावलेत, वाद नाही. पण एच-इंडेक्स काढायच्या वेळी राउरकेलाच्या रात्रपाळीला काय मिळालं?

बाई, फलकासाठी माझं मत: आकड्याऐवजी लेख छापा. वर्ष, मासिक, पानं किती आणि लेखकाच्या जागी जे छापलंय ते जसंच्या तसं. रॉसखाली 'दोन डास'. ट्रेगर-जेन्सनखाली 'तीन पानं'. सर ऐकत नसतील तर आकडा टाका, पण शेजारी डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख टाका. नुसता आकडा म्हणजे एकक न लिहिलेलं वजन.

गप्पी_मासा

अवांतर: चिंगहाव म्हणजे आपला दवणाच ना? आमच्याकडे जोतिबाला वाहतात तो. मग काढा प्यायला काय हरकत?

मेणबत्तीची_बरणी

भाऊबंद आहेत, एक नव्हेत. दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, चिंगहाव म्हणजे आर्टेमिसिया अ‍ॅनुआ. आणि चिंगहावचाही काढा नको. उकळल्याने काय होतं ते वर लिहिलंय. शिवाय कपात औषध किती उतरलं ते कळत नाही, अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाही, शहाणा होतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा या झाडाचा चहा-काढा मलेरियावर घेऊ नका असंच सांगते. ताप आला तर रक्त तपासून घ्या. दवणा जोतिबाला.

ग्रंथपालीणबाई

सगळ्यांना दंडवत. उशिरा लिहितेय, कारण मधले पंधरा दिवस छपाईत गेले.

सरांना काचपट्टीकाकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सर मूळचे भामरागडकडचे. ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की आमच्या घरी रक्त घ्यायला सायकलवर माणूस यायचा आणि बोटाला टोचताना लिमलेटची गोळी द्यायचा. एच-इंडेक्सची ओळ गेली. सायटेशन्सची राहिली, तात्यांच्या बाजूने एक मत सरांचंही आहे. पण डेटाबेस आणि तारखेसकट राहिली. सहाचे सात फलक झाले, सातवा जसवंत सिंग आणि भट्टाचार्जींचा. त्याखाली टेबलावर खऱ्या दोन बाटल्या ठेवणार आहोत, ग्रामीण रुग्णालयातल्या तंत्रज्ञ मॅडम देतो म्हणाल्यात. क्रम उलटा लावू नका, हेही बजावून झालंय.

तू योयो यांच्या फलकावर १९७७ चा लेख लावला आणि लेखकाच्या जागी 'समन्वय गट' असं मोठ्या अक्षरात लिहून फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, बाकी सगळे फोटो आले. त्या समन्वय गट सरांचा फोटो तेवढा राहिलाय, पाठवता का?"

तिथे चिंगहावच्या फांदीचं चित्र लावलंय.